दोन जे. जे. मधलं अंतर : वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २६ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो आहे. आपल्यापैकी काही जण माझे शिक्षक होते, काही बरोबरीचे आहेत, दोघे-तिघे माझ्या मागच्या बॅचचेही आहेत. माझी विनंती एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात आठवड्यातून एक तास मुलांना चित्रासमोर बसवा आणि त्यांच्या हातात पेन्सिल द्या. छंद म्हणून नको, अभ्यासाचा शीण जावा म्हणूनही नको. रुग्णाकडे बघायला यावं म्हणून द्या.

हे मला कसं पटलं ते सांगायचं तर एका चुकीपासून सुरुवात करायला हवी. चूक माझी आहे. ज्यांच्या बाबतीत ती झाली त्यांना विचारूनच हे लिहितो आहे.

आमच्या आठवडी बाजारात एक मावशी कोथिंबीर-मिरच्या घेऊन बसतात. त्या माझ्याकडे ६ वर्षं येत होत्या. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी. महिन्यातून एकदा यायच्या, शुगरचा रिपोर्ट टेबलावर ठेवायच्या, मी तो बघायचो, गोळ्या लिहायचो आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचो. कधी त्या म्हणायच्या, घाम फार येतो. कधी म्हणायच्या, डोकं ठणकतं. मी म्हणायचो, उन्हात बसता, येणारच.

नऊ वर्षांपूर्वी, वयाच्या पंचेचाळिशीत, मी चित्र काढायला शिकू लागलो. गावातल्या हायस्कुलातून निवृत्त झालेले चित्रकलेचे एक सर दर रविवारी पाच-सात जणांना घेऊन बाहेर बसायचे. कधी नदीकाठी, कधी एसटी स्टँडवर, कधी बाजारात. त्यांनी पहिले दोन महिने आम्हाला फक्त मोजायला लावलं. हात कोपरात न वाकवता पुढे धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचं टोक कपाळाशी, अंगठा हनुवटीशी. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचे तीन भाग धरायचे : केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत, तिथून हनुवटीपर्यंत. साधारणपणे तिन्ही सारखे येतात. जिथे येत नाहीत तिथे त्या माणसाचं वेगळेपण असतं.

एका रविवारी बाजारात मावशींनीच मला हाक मारली. म्हणाल्या, "डॉक्टर, माझं काढा की." मी बसलो. मोजलं. खालचा भाग वरच्या दोघांपेक्षा चांगलाच मोठा येत होता. मी खोडलं. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. पुन्हा खोडलं आणि या वेळी माप न घेता, अंदाजाने, हनुवटी वर ओढून घेतली. चेहरा छान जमला. सर मागे उभे होते.

"खोडलंत कशाला?"

"माप चुकत होतं, सर."

"पेन्सिलीचं माप कसं चुकेल? तुम्हाला मावशींचा तोंडावळा पाठ झालाय, तो आडवा येतोय. पाठ आहे ते काढू नका. समोर आहे ते काढा."

मी वही खाली ठेवून मावशींकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा बघितलं असं म्हणालो तरी चालेल. पुढे आलेला जबडा. पसरलेलं नाक. हसताना खालच्या दातांतल्या फटी. तराजू धरलेल्या हाताची बोटं जाड, कणसासारखी. मी विचारलं, "मावशी, बांगड्या कितीच्या लागतात तुम्हाला?"

"लग्नात सव्वादोनच्या होत्या. आता अडीचच्या पण साबण लावून चढवाव्या लागतात. कासार म्हणतो, मावशी, हाड वाढतंय तुमचं."

कासाराला कळलं होतं. हात हातात घेऊन तो वर्षातून दोनदा बघत होता आणि त्याच्यापाशी माप होतं. माझ्याकडे ७२ रिपोर्ट होते.

आपल्याला निदान सांगायला नको. अ‍ॅक्रोमेगाली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होऊन वाढीचं संप्रेरक जास्त पाझरायला लागतं, आणि मोठ्या माणसाची उंची वाढू शकत नाही म्हणून हात, पाय, जबडा वाढतो. रक्ततपासणी झाली, एमआरआय झाला, पुण्याला नाकातून शस्त्रक्रिया झाली. शुगर बरीच खाली आली, घाम थांबला. वाढलेलं हाड मात्र मागे जात नाही आणि गेलेली वर्षंही येत नाहीत.

या आजाराची लक्षणं मला येत नव्हती असं नाही. परीक्षेत पाच मार्कांना विचारलं असतं तर मी सहा मार्कांचं उत्तर लिहिलं असतं. मला माहिती सगळी होती, समोरचं दिसत नव्हतं, कारण मावशींना मी एकदा नाव देऊन टाकलं होतं : डायबेटिक, हायपरटेन्सिव्ह, गुडघे. नाव दिलं की आपण बघायचं थांबवतो. त्याहून मला जास्त लागलं ते खोडरबर. बरोबर आलेली रेघ मी दोनदा पुसली, आणि तिसऱ्यांदा तर मोजायचंच टाळलं, कारण ती माझ्या कल्पनेशी जुळत नव्हती. कागदावर ते दिसलं तरी. ओपीडीत मी दिवसाकाठी अशा किती रेघा पुसत असेन? माझ्या स्वभावाबद्दलची ही गोष्ट मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, बाजारात, पोत्यावर बसून कळली. ती मला एकोणिसाव्या वर्षी कळायला हवी होती, आणि तशी सोय आपण करू शकतो, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे ही सोय परकी नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. त्याला जोडलेलं रुग्णालय सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलं. १८५७ साली सुरू झालेलं स्कूल ऑफ आर्टही त्यांच्याच देणगीतून. एकाच माणसाच्या नावाची दोन जे. जे. भायखळ्याच्या बाजूने जे. जे. उड्डाणपुलावर चढलं की पुलाच्या एका टोकाला रुग्णालय आणि दुसऱ्या टोकाजवळ, क्रॉफर्ड मार्केटपाशी, स्कूल ऑफ आर्ट. मधे तीन किलोमीटरही नाहीत.

आणि एक माणूस असा होऊन गेला, ज्याच्या एका देहात ही दोन्ही जे. जे. होती. हेन्री ग्रे यांचं शरीररचनेचं पाठ्यपुस्तक 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' आपण सगळ्यांनी उशाशी घेऊन झोपलो आहोत. १८५८ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतली ३६३ चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी काढली. ते चित्रकाराचे मुलगे आणि स्वतः डॉक्टर. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर त्यांचं नाव ग्रे यांच्या नावापेक्षा बारीक टायपात छापलं गेलं. त्याच वर्षी ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. पुढे काही वर्षं आमच्या साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणारा मायसेटोमा, कुष्ठरोग, उलटून येणारा ताप, असं त्यांचं मोठं काम याच मातीतलं आहे. मुंबईतल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली नागमोडी जंतू बघितले. त्यांच्या शरीररचनेच्या चित्रांत एक साधी गोष्ट आहे, जी मला अजून थक्क करते. चित्रावर बारीक अक्षरं टाकून त्यांची नावं भलतीकडे देण्यापेक्षा त्यांनी धमनीचं नाव धमनीवरच, तिच्या वळणाने लिहिलं. वाचणाऱ्याची नजर अवयवावरून हलूच नये. ज्याने स्वतः तासन् तास बघितलंय त्यालाच हे सुचेल.

आता बाहेरचं एक उदाहरण. अमेरिकेत येल विद्यापीठात अर्विन ब्रेव्हरमन नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. विद्यार्थ्यांना पुरळाचं वर्णन धड करता येत नाही, हे त्यांना खुपत होतं. त्यांनी मुलांना विद्यापीठाच्या चित्रसंग्रहालयात नेलं. प्रत्येकाला एक अनोळखी चित्र, बघायला दहा-पंधरा मिनिटं, आणि मग जे दिसलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. चित्रच का? कारण चित्रातल्या बाईला काय झालंय याचं वैद्यकीय नाव मुलांकडे तयार नसतं. महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय हे आधी ठाऊक नसतं, त्यामुळे सगळंच सांगावं लागतं. २००१ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडले : चित्रांसमोर बसलेल्या मुलांची निरीक्षणं रुग्णांच्या छायाचित्रांच्या बाबतीतही सुधारली. पुढे फिलाडेल्फियात पहिल्या वर्षाच्या ३६ विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटाने तिथल्या कलासंग्रहालयात दीड-दीड तासाचे सहा वर्ग केले. डोळ्यांच्या आजारांची चित्रं वाचण्यात तो गट पुढे गेला. विद्यार्थी थोडे होते आणि दहा वर्षांनी त्यांच्यात किती उरलं हे कोणी मोजलेलं नाही, हे मी झाकून ठेवत नाही. पण नऊ तासांच्या खर्चात एवढं मिळत असेल तर ते मला स्वस्त वाटतं.

मला येल परवडत नाही. आमच्या ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंगवर येणाऱ्या इंटर्न मुला-मुलींना घेऊन मी शनिवारी दुपारी बसतो. एक प्रोजेक्टर, एक चित्र, तीन प्रश्न. काय चाललंय इथे? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? हे प्रश्न माझे नाहीत, जगभर चित्रं दाखवून शिकवणारे लोक ते वापरतात. पण आपल्या राऊंडला याहून वेगळं काय विचारायचं असतं?

माझं आवडतं चित्र अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातलं. मान कलंडलेली, डोळे अर्धवट मिटलेले, अंग सैल सोडलेली एक राजस्त्री. मागून एक दासी तिला सावरून धरते आहे, एक पंखा घालते आहे, दाराशी एक म्हातारा डोकावतो आहे. एकोणिसाव्या शतकापासून या चित्राला 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात. भिंतीवरचं मूळ आता फिकं झालंय. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे आपल्याकडचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांमध्ये जाऊन या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. त्यातल्या बऱ्याच प्रती पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या.

मी चित्र लावतो, नाव सांगतो आणि विचारतो, काय झालंय हिला? पहिल्या पाच मिनिटांत यादी तयार होते. अ‍ॅनिमिया. सिंकोप, म्हणजे भोवळ. हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर घसरणं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. मग मी म्हणतो, कशावरून? तिथे गडबड सुरू होते. फिकी आहे कशावरून, रंगच उडालेत भिंतीचे. एकदा एक मुलगा अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, नावातच मरणासन्न आहे ना." वर्ग शांत झाला. फाइलवर आधीच्या डॉक्टरने लिहिलेलं 'नोन केस ऑफ', म्हणजे 'अमुक आजाराचा ठाऊक असलेला रुग्ण', असंच काम करतं, हे मी सांगायची गरज उरली नाही.

त्या दिवशी मागे बसलेल्या एका मुलीने बराच वेळ काही म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, कोणी तिला औषध देत नाहीये. आणि बाजूचा तो माणूस मुकुट हातात घेऊन का उभा आहे? मुकुट डोक्यावर का नाही?"

तोच बरोबर प्रश्न होता. ती राजकन्या मरत नाहीये. अभ्यासकांनी नंतर ओळखलं ते असं की, ही बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची, पत्नी सुंदरी. नंद भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट तेवढा घरी परत आला. तिला जे झालंय त्याचं कारण तिच्या शरीरात नाही, दोन हात पलीकडे त्या माणसाच्या हातात आहे. आमच्या ओपीडीत अंग दुखतं म्हणून येणाऱ्या बायकांपैकी कितीजणींचा मुकुट असा बाजूला, नातेवाइकाच्या हातात असतो! आपण तो बघत नाही, कारण आपल्याला रुग्ण तेवढा बघायला शिकवलेलं असतं, खोली बघायला नाही.

रंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे आपलं शिक्षण फारच तोकडं पडतं. कावीळ दिवसाच्या उजेडात बघावी, हे आपण सगळेच सांगतो. का, ते चित्रकाराला विचारा. तो सांगेल की रंग एकटा कधीच नसतो, तो शेजारच्या रंगातून आणि वरून पडणाऱ्या उजेडातून ठरतो. पिवळ्या बल्बखाली पांढरं आणि फिकट पिवळं यांतला फरक मावळतो. हिरव्या पडद्याशेजारी बसवलेला माणूस आहे त्यापेक्षा लालसर दिसतो. पुस्तकात सुजेचा लाल चट्टा बहुतेक वेळा गोऱ्या कातडीवर दाखवलेला असतो. आमच्या रापलेल्या शेतकऱ्याच्या पाठीवर तोच चट्टा लाल नसतो, जांभळट किंवा नुसताच जास्त गडद तपकिरी असतो. पुस्तकातला लाल शोधणाऱ्या मुलाला तो सापडतच नाही.

यासाठी मी एक उद्योग करतो. प्रत्येकाला जलरंगांची पेटी देतो आणि स्वतःच्या मनगटाचा रंग कागदावर जुळवायला सांगतो. पहिल्यांदा जवळजवळ सगळे त्या गुलाबी ट्यूबकडे हात नेतात, जिला शाळेत आपण 'स्किन कलर' म्हणायचो. ती कागदावर लावून हाताशेजारी धरली की चेहरे बघण्यासारखे होतात. हा कोणाचा स्किन कलर? इथे बसलेल्या एकाचाही नाही. मग गेरू, बर्न्ट सिएना, किंचित निळा, असं करत करत तासाभराने जो तो आपल्या रंगापाशी येतो. काळा मिसळला की कातडी मेल्यासारखी दिसते, हे हाताने कळतं. मनगटाच्या आतला भाग वेगळा, नखाखालचा वेगळा, हे कळतं. त्यानंतर वॉर्डात गेल्यावर ही मुलं पांढुरकेपणा बघायला खालची पापणी ओढतात, तळहात उलटा करून बघतात आणि रुग्णाला खिडकीपाशी आणतात.

सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र आपण पाहिलं असेल, मूळ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते कोणाचं असं विचारलं की निम्मी मुलं छातीठोकपणे रवि वर्मांचं सांगतात. दिव्यापुढे धरलेल्या तिच्या बोटांमधून लाल उजेड झिरपतो आहे. हे बघून एकाने विचारलं होतं, "सर, पल्स ऑक्सिमीटर असंच करतं ना?" करतं. बोटातून आरपार जाणारा लाल आणि अवरक्त प्रकाश किती शोषला गेला ते मोजतं. ४०-५० वर्षं जुन्या कॅलेंडरवरचं चित्र आणि बोटाला लावायचं यंत्र त्या मुलाच्या डोक्यात एकमेकांना भेटले. अशी भेट घडवून आणता येत नाही. तिला जागा ठेवता येते.

आता आपल्या घरचीच एक गोष्ट. हिस्टोलॉजीचं, म्हणजे अवयवांची सूक्ष्मदर्शकाखालची रचना शिकवणाऱ्या विषयाचं, जर्नल. गुलाबी आणि जांभळी पेन्सिल आपण सगळ्यांनी झिजवली आहे. पण खरं सांगा, सूक्ष्मदर्शकात बघून किती चित्रं काढली? मी एकही नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री सिनियरचं जर्नल खाली, काच वर, काचेखाली दिवा. त्या सिनियरने त्याच्या सिनियरचं उतरवलेलं. यकृतातल्या पेशींच्या गटाचा षटकोन पिढ्यान् पिढ्या आणखी आणखी सुबक होत गेला. माणसाच्या यकृताची स्लाइड बघा, इतका रेखीव षटकोन सहसा दिसत नाही. म्हणजे चित्र काढायची सक्ती आपल्या अभ्यासक्रमात आधीपासूनच आहे, तास आहेत, मार्क आहेत. फक्त बघायचं तेवढं राहून गेलं. हे जर्नल घरी न्यायला बंदी करा. वर्षाला ६० स्लाइडऐवजी २० घ्या. पण सूक्ष्मदर्शकाशी बसून, चूक-वाकडी, जशी दिसेल तशी. सुबक चित्राला मार्क देऊ नका, बाजूला लिहिलेल्या 'हे मला कळलं नाही' या ओळीला द्या.

स्वतःकडे बघण्याबद्दल मला एकच प्रसंग सांगायचा आहे, कारण तो मी अजून बाजूला ठेवू शकलेलो नाही. एका इंटर्न मुलीला मी म्हटलं, आठवडाभर रोज रात्री दहा मिनिटं, दिवसातलं जे डोळ्यांपुढे येईल ते काढ, मला दाखवायची सक्ती नाही. सातव्या दिवशी तिने आपणहून वही आणली. वॉर्ड फार सुरेख काढला होता. खाटांचे पाय, सलाइनचे स्टँड, खिडकीचे गज, डब्यांची रांग. खाटांवर चादरी होत्या, चादरींखाली उंचवटे होते. एकाही खाटेवर चेहरा नव्हता. सात पानांवर नव्हता. मी काही बोललो नाही. तीच पानं उलटत गेली आणि म्हणाली, "मी सोडून दिलेत, सर. मला माहीत नव्हतं मी सोडून देतेय." मग बराच वेळ रडली. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या ड्यूटीवर एक लहान मूल गेलं होतं आणि त्यानंतर तिला कोणीही, अगदी मीसुद्धा, काही विचारलं नव्हतं. तिला त्यानंतर योग्य त्या माणसाकडे नेलं, आता ती बरी आहे, काम करते आहे. वही तिने ठेवून घेतली.

आपण म्हणाल, वेळ कुठे आहे? १९ विषय, वर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची टांगती तलवार. मला हे मान्य आहे, माझी मुलगीही याच रस्त्यावर आहे. पण २०१९ पासून पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत अभ्यासक्रम आहे. वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा 'एटकॉम' विषय आहे, तो बऱ्याच ठिकाणी स्लाइड वाचून उरकला जातो. इलेक्टिव्हचे आठवडे आहेत. नवा विषय मागत नाही, नवी परीक्षा तर मुळीच नको. परीक्षा आली की या तासाचंही गाइड निघेल.

आपण असंही म्हणाल की आता बघायचं काम यंत्र करतं. एमआरआय आमच्या गावापासून दोन तासांवर आहे. तिथे कोणाला पाठवायचं हे ठरवायला आधी कोणीतरी माणसाकडे बघावं लागतं. मावशींच्या बाबतीत ६ वर्षं यंत्राची नव्हे, त्या बघण्याची टंचाई होती. इन्स्पेक्शन, पॅल्पेशन, परकशन, ऑस्कल्टेशन, म्हणजे बघणं, चाचपणं, ठोकून बघणं, ऐकणं, हा क्रम आपण पाठ करून घेतो. आयुर्वेदातही दर्शन, स्पर्शन, प्रश्न. दोन्हीकडे पहिला शब्द एकच आहे, आणि नेमका तोच कसा करायचा हे कोणी शिकवत नाही.

शिकवणार कोण, हा खरा प्रश्न. आपल्यापैकी कोणी नाही. इथे चित्रकला शिक्षकांना मानाने बोलवा, मानधन द्या, टाळ्या आणि शाल देऊन पाठवू नका. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि शासकीय चित्रकला महाविद्यालय एकाच शहरात आहेत. संभाजीनगरच्या मुलांना अजिंठा एका दिवसात जाऊन येण्यासारखा आहे. कोल्हापूर ही तर चित्रकारांची पेठ. आमच्या साताऱ्याला आता वैद्यकीय महाविद्यालय झालंय, आणि तासाभराच्या रस्त्यावर औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. तिथे रवि वर्मांची मूळ तैलचित्रं आहेत, हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्प आहे. बाकी गावांना हायस्कुलातून निवृत्त झालेले चित्रकलेचे सर आहेत. त्यांच्यातले बरेच जण घरी बसून आहेत आणि त्यांचा तास शाळेतही गणिताला दिला जात होता. त्यांना सांगा, या मुलांना चित्रकार करायचं नाहीये. फक्त मोजायला शिकवा, आणि खोडताना मागे उभे राहा.

सुरुवात म्हणून एका बॅचला सहा तास. प्रोजेक्टर आहेच. चित्रकलेची वही, एचबी आणि टूबी अशा दोन पेन्सिली. खोडरबर पहिले तीन वर्ग देऊ नका.

साताऱ्याच्या महाविद्यालयाने बोलावलं तर मी येईन. इतरांनी बोलावलं तरी येईन, सरांनाही घेऊन येईन, त्यांचं वय आता ७८ आहे, पण प्रवासाला ते तयार असतात. फक्त शनिवार दुपार ठेवा, रविवारी आमचा बाजार असतो. मावशी अजून तिथेच बसतात, आणि त्यांचं ते चित्र मी पुरं करून द्यायचं कबूल केलं आहे.

आपला नम्र,
एक फिजिशियन,
सातारा जिल्हा